सेलवरची साल

आमच्या निपाणी भागात ‘बॅटरी’ म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे विजेरी उभी राहते. रात्रपाळीची वीज आली की उसाला पाणी पाजायला निघालेला शेतकरी बॅटरी हातात घेतो, नाहीतर पट्ट्याने डोक्याला बांधतो. तिच्या पोटात जो नळकांड्यासारखा चार्जिंगचा सेल असतो, त्याच्याकडे आपण कधी निरखून पाहत नाही. त्या सेलवर निळ्या, हिरव्या किंवा जांभळ्या रंगाची प्लॅस्टिकची एक पातळ साल चढवलेली असते. हा लेख त्या सालीविषयी आहे. विषय क्षुल्लक वाटेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही तो तसाच वाटत होता.

मी आणि माझा एक मित्र बेळगावात खोली घेऊन राहतो. मित्राला वेपचा नाद लागला होता. वेप म्हणजे ई-सिगारेट. तीत तंबाखू जळत नाही. सेलवर एक तार तापते, त्या तारेवर निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती वाफ ओढायची. ते यंत्र त्याने कुठून मिळवले हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. जादा सेल जवळ असावा म्हणून तो माझ्या मागे लागला, तेव्हा मी माझ्या विजेरीतला सेल त्याला काढून दिला. विजेरीच्या नळीत तो घट्ट बसला होता, म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला. निघताना वरच्या कडेपाशी साल नखाएवढी फाटली. मी तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि म्हणालो, “चालतंय की.”

दोन दिवसांनी, शनिवारी, आम्ही गावी जायला बसस्टँडवर उभे होतो. सेल मित्राच्या पँटच्या खिशात होता. त्याच खिशात मोटरसायकलची किल्ली आणि थोडी चिल्लर होती. तो एकदम ओरडला तेव्हा मला वाटले, काहीतरी चावले. मग खिशातून धूर आला. पँट उतरवेपर्यंत मांडीवर तळहाताएवढे भाजले होते. दवाखान्यात त्याने डॉक्टरांना सांगितले, “चहा सांडला.” मी शेजारीच उभा होतो. मी मान डोलावली.

मित्र आता बरा आहे, व्रण मात्र राहिला आहे. वेपही सुटले. परंतु त्या दिवसापासून दोन गोष्टी मनातून जात नाहीत. साल फाटली ती माझ्या हातून. आणि ती फाटलेली दिसत असूनही मी पट्टी लावून मोकळा झालो. मी कॉमर्सचा विद्यार्थी. विज्ञान दहावीपर्यंत शिकलो, तेही मराठी माध्यमातून. तरीही त्या सालीचे काम काय, हे समजून घेण्यासाठी मला इंजिनियर होण्याची गरज नव्हती. विचारायचे मनात आले नाही, एवढेच.

नंतर मी विचारले. बेळगावच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे मी माझ्या विजेरीतला दुसरा सेल ठेवला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “मेलिन सिप्पी हरिदैति, हाकबेड.” म्हणजे वरची साल फाटली आहे, हा घालू नकोस. एकाच विजेरीतले दोन सेल, आणि दोन्हींची साल गेलेली! मग त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

या सेलला ‘१८६५०’ म्हणतात. हा आकडा म्हणजे त्याचे माप आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल नळीचा. आत लिथियम-आयन रसायन असते. असले सेल सोनी कंपनीने प्रथम १९९१ मध्ये बाजारात आणले, आणि त्यामागच्या संशोधनासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज लॅपटॉपमध्ये, पॉवर बँकमध्ये, विजेरीत, विजेवरच्या दुचाकीत आणि वेपमध्येही हाच किंवा याच जातीचा सेल असतो.

आपली समजूत अशी असते की सेलचे एक टोक धन, दुसरे टोक ऋण आणि मधला भाग नुसता डबा. खरी गोष्ट वेगळी आहे. या सेलचा सगळा पत्र्याचा डबा, तळापासून वरच्या कडेपर्यंत, ऋण असतो. धन असते ती फक्त डोक्यावरची छोटी टोपी. ती टोपी आणि डब्याची वळवलेली कडा यांच्यात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे अंतर असते. ऋण डबा झाकून ठेवायचे काम ती पातळ साल करते, आणि वरच्या कडेपाशी सालीच्या आत कागदाची एक गोल चकती बसवलेली असते. साल तिथे फाटली की एखादे नाणेसुद्धा टोपी आणि कडा यांना जोडून टाकते. किल्ली तर जोडतेच जोडते. माझ्या चिकटपट्टीचा गोंद खिशातल्या उबेने सुटला असणार आणि पट्टी सरकली असणार.

जुन्या साध्या सेलचे टोक टोकाला जोडले तर तो कोमट होतो आणि उतरतो. लहानपणी आपण सर्वांनी हा खेळ केला आहे. लिथियमचा सेल असा खेळ सहन करत नाही. आपल्या घरातला छताचा पंखा साधारण एक तृतीयांश अँपिअर वीज घेतो. हा अंगठ्याएवढा सेल आखूड जोडला गेला तर क्षणात कित्येक डझन अँपिअर सोडू शकतो. त्याने सेल तापतो. आतले दोन थर वेगळे ठेवणारा पातळ पडदा १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो. मग थर एकमेकांना भिडतात आणि उष्णता आणखी वाढते. आतला द्रव पेट घेणारा असल्याने पुढचे थांबवणे कोणाच्याच हाती राहत नाही.

माझ्या मित्राचे नशीब चांगले म्हणायचे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या स्फोटांच्या आणि आगींच्या १९५ घटना तपासल्या. त्यांपैकी ६१ घटनांत यंत्र किंवा जादा सेल खिशात होता. प्रत्यक्ष ओढत असताना घडलेल्या घटना ६०, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच. २०१८ मध्ये फ्लोरिडात एका माणसाचा वेपच्या स्फोटाने मृत्यूही झाला. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले की हे सेल सुटे विकत घेऊ नयेत, वापरू नयेत. हा इशारा फक्त वेप ओढणाऱ्यांना नव्हता. विजेऱ्या, डोक्याला बांधायचे दिवे, हातातले छोटे पंखे, खेळणी, सगळ्यांची नावे त्यात होती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. या लेखाचा विषय मी एका सरांच्या कानावर घातला तेव्हा ते म्हणाले, “अरे, वेपवर आपल्याकडे बंदी आहे. बंदी असलेल्या वस्तूची काळजी कशी घ्यावी हे तू मासिकात लिहिणार? उद्या मुले म्हणतील, काळजी घेतली की चालते.”

बंदी आहे हे खरे. कर्नाटक सरकारने २०१६ मध्येच ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. पुढे केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी संसदेत कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात, सगळे त्यात गुन्हा ठरले. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या बंदीला माझा विरोध नाही. उलट, मित्राची मांडी पाहिल्यापासून मी तिचा पक्का समर्थक आहे. पण बंदीने वस्तू दुकानाच्या फळीवरून गेली, मुलांच्या खिशातून गेली नाही. आणि बंदीमुळे एक नवीन अडचण झाली. वस्तू चोरून घेतलेली, म्हणून तिच्याबरोबर सूचनेचा कागद नाही, पावती नाही, बिघडली तर परत घेऊन जाण्याची सोय नाही. ती चोरून वापरायची, म्हणून घरात, वर्गात, दवाखान्यात तिच्याबद्दल बोलायचे नाही. मित्राने ‘चहा सांडला’ म्हटले ते या भीतीपोटी. सेलने भाजलेल्या जागी उष्णतेबरोबर रसायनाचीही इजा झालेली असू शकते आणि तिचा उपचार वेगळा करावा लागतो, हे मला नंतर कळले. म्हणजे आमच्या खोटेपणाने डॉक्टरांचेही हात बांधले गेले.

दुसरे असे की एखादी वस्तू वाईट आहे म्हणून तिच्याशी संबंध आलेल्या माणसाची काळजी घ्यायची नाही, हा न्याय आम्हा निपाणीकरांना पटणार नाही. आमच्या गावाचा संसार तंबाखूवर उभा राहिला. माझी आई विड्या वळून घर चालवते. विडी आरोग्याला घातक आहे हे कोण नाकारील? तरीही १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला आणि कामाच्या जागी स्वच्छता, हवा, पिण्याचे पाणी, कामाचे तास यांचे नियम ठरले. १९७६ मध्ये विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या स्त्रिया आपल्या हक्कांसाठी संघटित झाल्या. त्यांच्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. तंबाखू जगातून नाहीशी होईपर्यंत धूळ खात बसा, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते माणुसकीचे झाले नसते. मग मुलांनी वेप सोडीपर्यंत त्यांनी भाजून घ्यावे, असे आपण का म्हणावे? सोडायला सांगावे, सोडायला मदत करावी. आणि सोडीपर्यंत त्याचे हातपाय शाबूत राहतील हेही पाहावे.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. तो सेल वेपचा नव्हताच. तो माझ्या विजेरीतला होता. विजेरीवर कोणतीही बंदी नाही. म्हणून वेपच्या निमित्ताने जे शिकायचे ते विजेरी वापरणाऱ्या प्रत्येक घराला शिकायचे आहे.

शिकण्यासारखे फार नाही. पहिली गोष्ट, साल फाटते ती बहुधा घालताना आणि काढताना. नळीची धारदार कडा, स्प्रिंगचे टोक, आणि माझ्यासारख्याचा स्क्रू ड्रायव्हर ही तिची कारणे. सेल घट्ट बसला असेल तर नळी उलटी करून हातावर हलके ठोकावी, किंवा घालतानाच खाली कापडी फीत ठेवून तिने तो ओढून काढावा; लोखंड लावू नये. ज्या यंत्राची कडा पुन्हा पुन्हा साल कापते, ते यंत्रच वापरू नये.

दुसरी गोष्ट, सुटा सेल खिशात, दप्तरात, गाडीच्या डिकीत कधीही मोकळा टाकू नये. त्याच्या मापाची प्लॅस्टिकची डबी मिळते, तीत ठेवावा. साल धड असली तरीही हा नियम पाळावा, कारण किल्ल्यांचा जुडगा दोन टोकेही जोडू शकतो.

तिसरी गोष्ट, महिन्यातून एकदा सेल उजेडात धरून पाहावा. विशेषतः वरची कडा आणि तळ. टाचणीएवढा पत्रा चमकला तरी तो सेल वापरातून बाजूला काढावा. चिकटपट्टी लावू नये. ती सुटते, आणि तिच्या जाडीमुळे सेल नळीत अडकून उरलेली सालही जाते. पत्रा शाबूत असेल तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून नवी चकती आणि नवी साल घालून घ्यावी. सालीची नळी सेलवर चढवून गरम हवेने आवळतात. या कामाला मेणबत्ती किंवा लायटर वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण. खर्च अगदी थोडा येतो. परंतु पत्रा चेपला असेल, गंजला असेल, सेल गळत असेल किंवा चार्ज करताना चटका बसण्याइतका तापत असेल, तर नवी साल घालणे म्हणजे रोग झाकणे. तो सेल टाकूनच द्यावा.

टाकायचा म्हणजे उकिरड्यावर नव्हे. आमच्याकडे ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात. त्यात असा सेल सापडला तर काय होईल, याची कल्पना करावी. टोकांवर पट्टी लावून तो वेगळा ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून दोन शब्द. साल जशी संरक्षण करते तशी ती फसवूही शकते, कारण तिच्यावरच कंपनीचे नाव आणि आकडे छापलेले असतात. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांपर्यंत जाते. तरीही बाजारात ‘९९००’ छापलेले सेल मिळतात. अशा सेलवरचा आकडाच खोटा, मग आतला माल जुन्या लॅपटॉपमधून काढलेला नाही, याची हमी कोण देणार? आम्हाला हिशेबशास्त्रात ताळेबंद सजवण्याचा प्रकार शिकवतात: आत तोटा, बाहेर चकचकीत आकडे. हा तोच प्रकार आहे. म्हणून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून, पावती घेऊन माल घ्यावा. पन्नास रुपये वाचवले असे आपल्याला वाटते. ताळेबंदाच्या तळाशी संभाव्य देयतेची टीप असते, ती मात्र आपण वाचत नाही.

आमच्या घरचे एक उदाहरण देतो. विडीचे तेंदूपान फाटके निघाले तर आई ते बाजूला टाकते. चुकून तशी विडी गेलीच तर माल घेणारा ती काढून टाकतो आणि तेवढा तोटा आईला सोसावा लागतो. काही पैशांच्या वस्तूचे वेष्टन आमच्याकडे इतक्या काटेकोरपणे तपासले जाते. त्याच घरात, त्याच दिवळीत ठेवलेल्या विजेरीचा सेल मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहिला नव्हता. अपघातानंतर गावी गेल्यावर मी आप्पांची विजेरी उघडली. तिच्यातल्या सेलची साल तळाशी चिरली होती. आप्पा म्हणाले, “उजेड पडतोय की अजून, कशाला काढतोस?” मी त्यांना बसस्टँडवरची सगळी हकीकत सांगितली. सेल कोणाचा होता आणि साल कोणी फाडली, हेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नवीन आण. आणि शेजारच्यांचीबी बघ जरा.”

मित्रहो, आप्पांचे हे शेवटचे वाक्यच मला आपल्या महाविद्यालयापुढे ठेवायचे आहे. माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, या सेलविषयी चार ओळींची सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून फलकावर लावावी. विकत घेतलेल्या मालावर सूचना असलीच तर ती इंग्रजीत किंवा चिनीत असते. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला ती असून नसल्यासारखी. दोन्ही भाषांतला मजकूर मी लिहून देतो, भाषेच्या अध्यापकांनी तेवढा तपासून द्यावा. दुसरी विनंती, खराब सेल ठेवण्यासाठी एक पेटी असावी आणि ती भरली की ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवण्याची जबाबदारी आम्हा विद्यार्थ्यांवर टाकावी. पेटीत सेल टाकणाऱ्याला तो कोणत्या यंत्रातला आहे हे मात्र कोणी विचारू नये. विचारले की पेटी रिकामी राहील आणि सेल खिशात.

ज्याच्या खिशात आज वेप आहे त्यालाही माझे सांगणे आहे. ते सोड, हे मी म्हणणारच. माझ्या मित्राने सोडले, तुलाही जमेल. पण काही झालेच, तर भाजलेल्या जागेवर भरपूर पाणी सोड, ताबडतोब दवाखाना गाठ आणि डॉक्टरांना खरे सांग. सोबत कोणी असेल तर त्यानेही खरे सांगावे. मी त्या दिवशी मान डोलावली, ती आजही मला टोचते.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष